लागू नसेल ते खोडावे

फॉर्ममध्ये कौटुंबिक पार्श्वभूमीला
तीन ओळी आहेत.
तिसरी अर्धीच, तिथं शिक्का मारायचा असतो.

जालन्याचं निरीक्षणगृह, मार्चची दुपार.
पंखा फिरतो तेव्हा कागद उडतात
आणि थांबतो तेव्हा लखन बोलतो.
वय पंधरा वर्षं, चार महिने.
गुन्हा: विहिरीवरची मोटार, तीन एचपी, एक नग.

वडील: हयात.
व्यसन: नाही.
मी दोनदा विचारलं. इथं या रकान्यात
पेनाला एकाच उत्तराची सवय आहे.
आई: शेषाबाई, बियाण्याच्या कंपनीत पाकिटं भरते, रोजानं.
पालकांचे बालकावर नियंत्रण: आहे / नाही.
लागू नसेल ते खोडावे.

बाप तुळशीराम. भोकरदन नाक्याला
पत्र्याच्या टपरीत अठरा वर्षं
लोकांच्या जळालेल्या मोटारी भरल्या त्यानं.
ताटावर बसायच्या आधी बोटं रॉकेलनं धुवायचा,
मग साबणानं,
तरी भाकरीला व्हार्निशचा वास लागायचाच.
लखन सहा वर्षांचा असल्यापासून
तांब्याचं वेटोळं धरून शेजारी बसायचा.
आकडे त्याला तिथंच आले,
बावन्न, त्रेपन्न,
चुकलं की बापाचा तळवा डोक्यावर.
"लई नाय लागायचा," म्हणतो.

मग नाक्याचा रस्ता रुंद झाला.
टपरी गेली.
"पप्पा घरी बसले. बसले म्हंजी बसलेच, सर.
भितीकडं तोंड करून.
मायला बोलंना, मला बोलंना.
हात असे मांडीवर, उलटे."
लखन स्वतःचे हात तसे ठेवून दाखवतो
आणि उचलायला विसरतो.

शाळेनं दोनदा चिठ्ठी पाठवली.
चिठ्ठी वाचणारी पाचलाच कामावर गेलेली,
दुसरा भिंत वाचत होता.

मोटार तिघांनी आणली, मोटारसायकलवर,
मधे पोत्यात गुंडाळून, आजारी माणसाला आणावं तशी.
भंगारवाल्यानं तांबं काढायला ज्याला बोलावलं
तो तुळशीराम.
सहा महिन्यांतलं पहिलं काम.
झाकण उघडलं, तर आत हिरवा सुती दोरा,
दुहेरी फास. त्याचीच गाठ, चार सालांपूर्वीची.
आणि बाहेरची केबल तिरकी छाटलेली,
गुलाबाचं कलम करावं तशी.
असं आख्ख्या तालुक्यात दोघंच कापतात.

मजुरी घेतली नाही म्हणे.
हात न धुता ठाण्यात गेला, चालत.
तेव्हापासून शेषाबाई त्याला ताट वाढते,
पण जमिनीवरून सरकवून.

"काहून केलंस?"
"बूट घ्यायचे व्हते."
पंखा फिरतो. कागदावर मी डबा ठेवतो.
"आन् थोडं तांबं घरी नेणार व्हतो.
म्हणलं, पप्पाचे हात तरी हलतील."
यातलं आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं,
आणि इथल्या मोठ्या पोरांनी शिकवलेलं कोणतं,
बारा वर्षांच्या नोकरीनंतरही मला सांगता येत नाही.
बूट मुद्देमालात जमा आहेत. सात नंबर.
लेस अजून ओवलेली नाही.

मी सातवीत असताना, परतूरला,
बापाच्या सदऱ्यातून दहाची नोट काढली होती.
आईनं ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला,
दुसरी दहाची काढून खुंटीवरच्या खिशात ठेवली
आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.
जेवायला मात्र हाक मारली.
तिच्या कणगीत नोट नसती तर,
हे विचारणारा रकाना
कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

पायरीवर तुळशीराम सकाळपासून बसलाय.
भेटीची वेळ चारची, सांगितलंय त्याला.
इथली बोअरची मोटार तीन दिवस बंद,
पोरं टँकरच्या पाण्यानं अंघोळ करतात.
कदीरभाई शिपाई त्याला काहीतरी विचारतो
आणि तो उठून, धोतर झटकून,
बोअरकडं निघतो.

तीन ओळींतली एकही मी लिहिलेली नाही.
आहे, नाही, दोन्ही तसेच उभे.

बाहेरून आवाज येतो,
कोणाला उद्देशून कळत नाही:
"पक्कड दे रे."

मांडीवरून लखनचा हात
निम्मा उठतो.